कासवाचं गाव कुठलं?

नमस्कार मंडळी! मुंबईत नवीन माणूस भेटला की आपण नाव विचारतो आणि पाठोपाठ, गाव कुठलं? मग तो केईएमला जन्मलेला आणि लालबागला वाढलेला असला तरी सांगणार, आम्ही मालवणचे. आज हाच प्रश्न कासवाला विचारायचाय, समुद्रातल्या नाही हां, गोड्या पाण्यातल्या. पण आधी बंडूची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

मी सहावीत, आमची गिरगावातली चाळ, आणि मामाने बाजारातून एक पिल्लू आणलं, आमटीच्या वाटीत मावेल एवढं. दुकानदार म्हणाला देशी आहे, एवढंच राहतं, घरात लक्ष्मी येते. (ते काचेचं कासव ऑफिसच्या टेबलावर ठेवतात ना, उत्तरेला तोंड करून, त्याने कुणाला प्रमोशन मिळालेलं मी तरी बघितलेलं नाही, असो.) बंडू परातीत राहिला, मग टबात, आणि चार वर्षांत जेवायच्या ताटाएवढा झाला. गॅलरीत वास मारायला लागला, शेजारच्या काकूंच्या बोटाला चावला. शेवटी आजीने ठरवलं, याला बाणगंगेत सोडू, पुण्य लागेल. मग मी, आजी आणि तेलाच्या डब्यात बंडू असे बेस्टच्या डबलडेकरने निघालो, वरच्या मजल्यावर, अगदी पुढची सीट, त्या बसची मजा आता कुठे राहिलीय! तर वाळकेश्वरला उतरलो, पायऱ्या उतरून कुंडापाशी गेलो, आजीने हळद-कुंकू काढलं, तेवढ्यात तिथे धोतर वाळत घालणारे एक आजोबा आले आणि डब्यात वाकून बघतात तर काय, डोळ्यामागे लालभडक पट्टा. म्हणाले, "ओ बाई, हे आपल्याकडचं दिसत नाही, गाव कुठलं याचं?" आजी ठसक्यात म्हणाली, "गिरगाव!" आजोबांनी काही सोडू दिलं नाही. त्याच बसने बंडू परत घरी, कपाळावर कुंकू लावून.

तो होता रेड-इअर्ड स्लायडर. गाव अमेरिका, मिसिसिपी नदीकडचा. असली कासवं इथल्या तळ्यात सोडली की आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतात.

बंडूचा पट्टा तरी दिसत होता. पण मऊ पाठीची आपली नदीतली कासवं एकमेकांसारखीच दिसतात, आणि चोरट्या व्यापारातून पकडलेली असतील तर ती कुठल्या नदीची ते कोण सांगणार? तिथे डीएनए लागतो. थोडंसं रक्त पुरतं. त्यात मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भागाचा) डीएनए असतो, तो फक्त आईकडून येतो. पुन्हा सांगतो, फक्त आईकडून. म्हणजे आडनाव नाही, आजोळ कळतं! आईची आई, तिची आई, असं मागे जात जात कुठल्या नदीच्या कासवांशी नातं जुळतं ते बघायचं.

बांगलादेशात चितगावला सुफी संत बायेझिद बोस्तामींचा दर्गा आहे, तिथल्या तळ्यात काळी मऊ पाठीची कासवं भाविकांच्या हातून खातात. २००२ साली ही जात निसर्गातून संपली असं जाहीर झालं, उरली ती त्या तळ्यातलीच. पुढे डीएनए जुळवला तर त्यांचे सख्खे आसामात निघाले, मंदिरांच्या तळ्यांतही आणि नदीतही. संपली म्हणून नाव कापलेली जात!

आणि खूप मागे गेलं तर? २०१३ साली चिनी मऊ कासवाचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए वाचला, तेव्हा दिसलं की कासव पालीपेक्षा मगरीच्या आणि पक्ष्यांच्या जवळचं, मगर-पक्ष्यांपासून कासवाची वाट वेगळी झाली ती साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे चिकन लॉलीपॉप खाता ते कासवाचं चुलत भावंड.

आता तर कासव पकडावंही लागत नाही. ते पाण्यात कातडीचे कण, विष्ठा सोडतं, त्यातला डीएनए पाण्यातच सापडतो. व्हिएतनाममध्ये २०१८ साली हनोईजवळच्या एका तळ्यातल्या पाण्यावरून असंच कळलं की जगातलं अतिशय दुर्मिळ, अवाढव्य मऊ कासव तिथे आहे. बाटलीभर पाणी, बास.

तर तुमच्या घरी कुणी बंडू असेल तर पवईत किंवा बाणगंगेत नेऊन सोडू नका. सोडू नका. आणि देशी कासव असेल तर ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, वनखात्याला १९२६ वर फोन लावा, ते येऊन घेऊन जातील. आजीला मात्र मिसिसिपी कधी पटली नाही, ती बंडूला गिरगावकरच म्हणायची.