ज्यावर भांडता येईल असं इंग्रजी वाचा

मंडळी, आभार वगैरे झाले, आता थेट विषयावर येते. शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की माणूस पहिलं काय करतो, तर यादी आणतो. रोज दहा शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आठवडाभर जोरदार उत्साह आणि मग ती वही कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. याला आळस म्हणून मोकळं होऊ नका. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले होते, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात विसरतो ते मोजायचं, १८८५ मध्ये त्याने ते छापलं, आणि त्याला दिसलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच गळून जातं. आता यादीतला सुटा शब्द आपल्या लेखी त्या निरर्थक अक्षरांपेक्षा फार वेगळा असतो का? त्याला टांगायला खुंटीच नसते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या प्रश्नावर तुमचं काहीतरी मत आहे, जमलं तर थोडा रागही आहे, असा एक सामाजिक किंवा नैतिक प्रश्न घ्या आणि महिनाभर त्याच्याच मागे लागा. आज हवामान, उद्या क्रिकेट, परवा अंतराळ असं करू नका. स्टीफन क्रॅशन नावाचे भाषाशिक्षणातले अभ्यासक आहेत, त्यांनी १९८१ मध्येच हे मांडलं होतं, एकाच विषयावर किंवा एकाच लेखकाचं खूप वाचायचं, नॅरो रीडिंग म्हणतात त्याला. कारण साधं आहे, एका विषयात तेच तेच शब्द फिरून फिरून येतात, पहिल्या लेखात डोकं खातात आणि चौथ्या लेखापर्यंत ओळखीचे होऊन जातात, तुम्ही पाठांतर वेगळं केलेलंच नसतं.

थोडा हिशोब बघा. मदतीशिवाय, नीट समजून वाचायचं असेल तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत हवेत असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं. ऐकायला कठीण वाटतं, पण ४०० शब्दांच्या पानात ८ शब्द अडले तर चालतं असा त्याचा अर्थ. ९५ टक्क्यांवर आलात की त्याच पानात २० शब्द अडतात, म्हणजे दर दोन ओळींना ठेच, आणि मग माणूस मोबाईल उघडतो, डिक्शनरीत शिरतो आणि तिथून रील बघायला जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कुठल्याही विषयावर वाचायला ९८ टक्के गाठायचे तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपं, सगळी मिळून एक. एका विषयापुरते गाठायचे तर रस्ता बराच जवळचा होतो.

आता सामाजिक प्रश्नच का? क्रिकेटवर पण वाचता येईल की. वाचा ना, पण एक गंमत सांगते. अव्हरिल कॉक्सहेड या भाषा अभ्यासक, त्यांनी २००० मध्ये अॅकॅडमिक वर्ड लिस्ट केली, ५७० शब्दकुटुंबं, अभ्यासाच्या पुस्तकांमधला जवळपास दहा टक्के मजकूर त्यात बसतो. त्यात काय काय आहे बघा, पॉलिसी, एव्हिडन्स, जस्टिफाय, बायस, डिस्क्रिमिनेट, कन्सेंट, एथिक. हे तर सरळ वादाचेच शब्द आहेत! म्हणजे एका वादाच्या विषयात मुरलात की कॉलेजच्या पुस्तकातली भाषापण त्याच भावात आली.

एक उदाहरण घेऊन दाखवते, अवयवदानाचं. प्रश्न असा की माणूस जिवंतपणी हो किंवा नाही काहीच बोलला नसेल तर मेल्यावर त्याचे अवयव घ्यायचे का? काही देशांत आधी नाव नोंदवावं लागतं, त्याला ऑप्ट इन म्हणतात, आणि काही देशांत नको असेल तरच कळवायचं, ते ऑप्ट आउट. वेल्सने डिसेंबर २०१५ पासून ऑप्ट आउट आणलं, इंग्लंडने मे २०२० मध्ये, आणि जर्मनीच्या संसदेने त्याच वर्षी जानेवारीत ते नाकारलं. नुसत्या या बातम्या वाचल्या तरी डोनर, रजिस्टर, प्रिझ्यूम्ड कन्सेंट, डीम्ड कन्सेंट (दोन्ही म्हणजे गृहीत धरलेली संमती), नेक्स्ट ऑफ किन (जवळचे नातेवाईक), ऑब्जेक्ट, ओव्हरराइड एवढा ऐवज हातात पडतो, आणि प्रत्येक शब्दामागे माणसं उभी असतात म्हणून तो लक्षात राहतो.

पण खरी मजा पुढे आहे. २००३ मध्ये सायन्स या नियतकालिकात जॉन्सन आणि गोल्डस्टाइन यांचा अवयवदानावर एक लेख आला होता, त्यात ऑप्ट इनवाल्या जर्मनीचा आकडा १२ टक्के आणि ऑप्ट आउटवाल्या ऑस्ट्रियाचा ९९.९८ टक्के. शेजारशेजारचे देश, भाषापण एकच, आणि एवढा फरक! हा आकडा वर्गात दाखवला की बहुतेक जण लगेच म्हणतात, ऑस्ट्रियात जवळजवळ सगळे अवयवदान करतात. थांबा. लेखात शब्द आहेत इफेक्टिव्ह कन्सेंट रेट. म्हणजे कायद्याच्या नजरेत संमती आहे असं धरलेले लोक. प्रत्यक्षात किती जणांचे अवयव घेतले गेले ही निराळीच गोष्ट, ती हॉस्पिटलच्या व्यवस्थेवर अवलंबून, घरच्यांवर अवलंबून. स्पेनचंच बघा, तिथे १९७९ पासून कायदा संमती गृहीत धरतो, तरी डॉक्टर घरच्यांना विचारतातच. तर ‘रेट’ कशाचा, हे न बघता पुढे गेलात तर प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असूनही लेख चुकला. माझ्या मते वाचन म्हणजे हेच, आणि यादीतून हे शिकताच येत नाही.

असेच छोटे छोटे शब्द फार त्रास देतात. अनलेस, व्हेअरअज, अलेजेडली, मे, माइट. मोठ्या शब्दाला आपण घाबरून डिक्शनरी तरी उघडतो, ‘मे’वरून मात्र नजर घसरते, आणि शास्त्रज्ञ ‘असू शकेल’ म्हणाला ते आपल्या डोक्यात ‘आहे’ होऊन बसतं. हेडलाइनमध्ये ‘लिंक्ड टू’ दिसलं की संबंध आढळला एवढंच समजायचं, त्यामुळेच झालं असं कुणी म्हटलेलं नसतं.

शिवाय वादाच्या विषयात शब्द निवडला की बाजू दिसायला लागते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये ठरवलं की ‘इल्लीगल इमिग्रंट’ असं लिहायचं नाही, कृत्य बेकायदेशीर असेल, माणूस बेकायदेशीर म्हणायचा नाही. गार्डियनने २०१९ मध्ये आपल्या लोकांना सांगितलं की ‘क्लायमेट चेंज’ऐवजी क्रायसिस किंवा इमर्जन्सी वापरलेलं बरं. तुम्हाला हे पटो न पटो, पण एकाच बातमीचे दोन पेपर शेजारी ठेवून कोण कुठला शब्द वापरतंय ते बघायला लागा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

आता या पद्धतीतला धोकापण सांगितला पाहिजे, नाहीतर मी औषध विकायला आल्यासारखं होईल. ज्या विषयावर मत असतं तिथे आपण मजकूर वाचतच नाही, घरून अर्थ घेऊन येतो. पटणारा लेख भराभर वाचून होतो आणि वाटतं काय इंग्रजी सुधारलंय आपलं! आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना विचारा, रीडिंगला ६० मिनिटांत ४० प्रश्न, त्यात ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन असा प्रकार असतो, आणि भले भले लोक त्या नॉट गिव्हनवर आपटतात. कारण विधान खरं आहे हे त्यांना बाहेरून माहीत असतं, लेखात ते कुठेच नसतं. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. लेख संपला की ज्याचं म्हणणं तुम्हाला अजिबात पटत नाही त्याची बाजू इंग्रजीत तीन-चार वाक्यांत लिहा, अशी लिहा की त्यानेच वाचली तर तो म्हणेल, हो, मला हेच म्हणायचंय. फार जड जातं, राग येतो, पण याने वाचन आणि लिखाण दोन्ही हलतं.

वही ठेवायचीच असेल तर ठेवा, फक्त शब्द एकटा लिहू नका. कन्सेंट दिला जातो, मागे घेतला जातो, इन्फॉर्म्ड असतो, तर गिव्ह, विथड्रॉ, इन्फॉर्म्ड हे सगळे त्याच्यासोबत एका ओळीत येऊ द्या. आणि दोनदा भेटल्याशिवाय कुठलाही शब्द वहीत घेऊ नका.

शिक्षक बसलेत बरेच, त्यांच्यासाठी एक. इच्छामरण, गर्भपात, आत्महत्या हे विषय वर्गात सरसकट काढू नका. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात काय होऊन गेलंय आपल्याला ठाऊक नसतं, आणि त्याच्यासाठी तो व्होकॅब्युलरीचा तास राहत नाही. दोन-तीन विषय समोर ठेवा, निवडू द्या, आणि ‘तुझं मत काय’ याच्याऐवजी ‘लेखक काय म्हणतोय’ असं विचारा.

मघाशी मागून एक प्रश्न आला होता की पेपरचं इंग्रजी झेपतच नाही त्यांनी काय करायचं. सिंपल इंग्लिश विकिपीडिया आहे, तिथे तोच विषय सोप्या वाक्यांत असतो, तो आधी वाचा आणि मग नेहमीच्या विकिपीडियावरचा त्याच विषयाचा पहिला परिच्छेद घ्या, फक्त पहिला. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी रेडिओने १९५९ मध्ये साधारण १५०० शब्दांत बसेल अशा इंग्रजीत, हळू बोलत बातम्या द्यायला सुरुवात केली होती, त्या धाटणीचा मजकूर आणि ऑडिओ शोधलात तर सापडेल. अॅपमध्ये टाकून मराठी भाषांतर करून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त इंग्रजी एकदा पूर्ण वाचून झाल्यावर, आधी नाही. आणि महिना झाला, विषयाचा कंटाळा आला, तर बदला हो, पण शेजारचाच घ्या, अवयवदानावरून रुग्णाच्या हक्कांवर जा, म्हणजे कन्सेंट तिकडेही भेटेल.