लाल दिव्याखालचं काम

(दृश्य: अंधारी खोली, लाल दिवा, हातमोजे घातलेले हात)

बाहेर बेळगावचं मे महिन्यातलं ऊन आहे. या खोलीत उजेड एवढाच. खिडकीच्या काचांना काळा कागद, दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल. यंत्रांवरचे हिरवे-निळे बारीक दिवेसुद्धा काळ्या चिकटपट्टीखाली झाकलेत. ती पट्टी लावायची कल्पना ताईंची.

ताई इथल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. खानापूर तालुक्यातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांच्या हातातल्या नळीत ॲडेनोसिलकोबालामिन आहे, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचं शरीरात प्रत्यक्ष राबणारं रूप. काही एन्झाइमं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, याच्याशिवाय चालतच नाहीत.

१९५८ साली कॅलिफोर्नियात बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य जिवाणूंमधून शोधलं. १९६१ मध्ये लेनहर्ट आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. ७२ कार्बन अणूंचा एवढा थोरला रेणू, त्याच्या मधोमध एकच कोबाल्ट, आणि तो कोबाल्ट थेट एका कार्बनला जोडलेला. हा जोड नाजूक आहे. एन्झाइम नेमका हाच जोड सोडवून आपलं काम साधतं. आणि उजेडही नेमका हाच जोड तोडतो. साध्या ट्यूबलाइटखाली उघडं राहिलेलं द्रावण थोड्या वेळात निकामी होतं. लांब लहरींचा लाल प्रकाश मात्र हा रेणू जवळजवळ शोषत नाही, म्हणून हा दिवा.

(दृश्य: पिपेट, तपकिरी कुप्यांची रांग)

द्रव्य येतं ते पावडर म्हणूनच. मग विरघळवून पुन्हा सुकवायचं कशाला? एका प्रयोगाला ते मिलिग्रॅमहूनही कमी लागतं. दरवेळी मोठी बाटली उघडायची, एवढंसं वजन करायचं, म्हणजे दरवेळी आत दमट हवा आणि उजेड. त्यापेक्षा एकदाच सगळं शुद्ध पाण्यात विरघळवायचं, बारीक गाळणीतून गाळायचं आणि प्रत्येक कुपीत एक-एक मिलिलिटर भरून सुकवायचं. एक प्रयोग, एक कुपी.

आता हात बघा. कुपीत द्रावणाचा थर पातळच हवा, जाड झाला तर तळाशी ओल राहते. रबरी बूच पूर्ण दाबायचं नाही, अर्धंच बसवायचं, वाफेला वाट हवी. तपकिरी काचेवर ताईंचा पूर्ण भरवसा नाही, म्हणून प्रत्येक कुपीला फॉइल. शेजारची विद्यार्थिनी निपाणीची आहे.

“ताई, झालं काय?”

“थांब की ग. घाई कशाला करालीस?”

(दृश्य: डीप फ्रीझरचं दार, फ्रीज ड्रायर, कंडेन्सरवर चढणारं हिम)

कुप्या उणे ८० अंशांवर दगडासारख्या गोठल्या की फ्रीज ड्रायरमध्ये, म्हणजे गोठवून सुकवणाऱ्या यंत्रात जातात. पंप सुरू होतो. बाहेर हवेचा दाब हजार मिलीबारच्या आसपास, आत तो ०.१ च्या घरात उतरतो. सहा मिलीबारच्या खाली पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. बर्फ वितळत नाही, सरळ वाफ होतो, आणि ती वाफ उणे ५५ अंशांच्या कंडेन्सरवर पुन्हा हिम होऊन बसते. हे पांढरं कवच म्हणजे कुप्यांमधलं पाणी. यंत्राचं झाकण पारदर्शक आहे, त्यामुळे त्यावर काळं जाड कापड. चित्रणापुरतंच, लाल दिव्यात, ताईंनी ते थोडं वर केलं.

रात्रभर हे चालणार. मे महिना वळवाचा. मध्येच करंट गेला, पंप थांबला, तर आतला बर्फ वितळतो आणि सगळी खेप बसते. म्हणून बॅटऱ्यांची ही रांग, आणि म्हणून ताई आज उशिराची बस पकडणार.

(दृश्य: टिळकवाडी, व्हॅक्सिन डेपोची झाडी)

गोठवून सुकवणं बेळगावला नवं नाही. या झाडीत लोक सकाळी फिरायला येतात. देवीची लस तयार करणारी संस्था इथंच होती. ओली लस उन्हाळ्यात टिकत नसे. गोठवून सुकवलेली लस टिकू लागली, आणि ती बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या केंद्रांत बेळगाव होतं. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मधला. त्या लशीच्या कुप्या कुणी भरल्या, कुणी सुकवल्या, हे या शहरातल्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवं.

(दृश्य: कुपीच्या तळाशी तांबडा थर)

सकाळ. कुपीत आता बत्ताशासारखा हलका, सच्छिद्र तांबडा थर. आत कोरडा नायट्रोजन सोडून बुचं दाबली जातात, वर ॲल्युमिनियमची टोपी. चिठ्ठीवर तारीख, मात्रा, ताईंची सही. मग सिलिका जेल घातलेल्या डब्यातून उणे २० अंशांवर. जेलचे खडे निळे आहेत तोवर डबा कोरडा, गुलाबी झाले की बदलायचे. हा निळा रंगही कोबाल्टच्याच क्षाराचा. स्वतःहून बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज इथं चालत नाही, त्याचं तापमान सारखं वरखाली होतं. आणि बाहेर काढलेली कुपी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पावसाळी हवेतली ओल थेट पावडरीवर बसते.

खेपेतली एक कुपी तपासणीला जाते. कोणत्या लांबीच्या प्रकाशलहरी द्रव्य किती शोषतं, याचा आलेख काढतात. उजेडाने तुटलेल्या द्रव्याचं टोकदार शिखर ३५१ नॅनोमीटरला दिसतं. पडद्यावरच्या आलेखात ते नाही. ५२२ ला जे दिसायला हवं, ते आहे.

या कुप्यांवर जे संशोधन होतं, ते बी-१२ कमी पडल्यावर शरीरात साचणाऱ्या मिथाइलमॅलोनिक आम्लाबद्दलचं आहे. बी-१२ची कमतरता मज्जातंतूंना इजा करते, आणि शाकाहारी घरांत ती बरीच आढळते.

शोधनिबंधात ताईंचं नाव आभारात येतं. आमच्या मते ते लेखकांच्या यादीत असायला हवं.

मृग लागायच्या आत अशा आणखी खेपा काढायच्या आहेत. पावसात हे काम बंद. पुन्हा सुरू होईल दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.