नऊशे युरोंचं टेनिस

अध्यक्षांनी मला 'टेनिसचे जाणकार' म्हटलं. जाणकार वगैरे काही नाही हो, मी मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्यांचा प्रेक्षक. तिथे गर्दी नसते, पाय पसरून बसता येतं. (हशा)

विषय आहे तरुण व्यावसायिक खेळाडूची सुरुवातीची वर्षं आणि त्यातलं पॉइंट्सचं गणित. गणिताकडे येतोच, आधी आपला टेनिसपटू सुमित नागल.

२०१९ची अमेरिकन ओपन, समोर फेडरर. मॅच न्यूयॉर्कला सोमवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी. घरी त्या वेळेला गॅसपाशी उभं राहून दूध तापवणं हे माझं खातं. त्याच कोर्टावर आधी सेरेना आणि शारापोवा होत्या. म्हटलं, ती मॅच रंगेल, तोवर दूध होईल. पण सेरेनाने तिला तासाच्या आत ६-१, ६-१ असं गुंडाळलं! मी टीव्हीसमोर गेलो तो तिथलाच झालो. नागलने पहिला सेट ६-४ घेतला. मी ओरडत स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावरून दूध खाली ठिबकतंय आणि ही कमरेवर हात ठेवून उभी. ''अहो, जिंकला का?'' म्हटलं, ''नाही, एक सेट घेतला.'' ''एका सेटसाठी लिटरभर दूध?'' (हशा)

तिचं बरोबरच होतं. पुढचे तीन सेट फेडररने घेतले. पण आपण सगळे त्या एका सेटपाशीच थांबलो. तेव्हा नागल क्रमवारीत १९०वा होता, पात्रतेच्या तीन फेऱ्या जिंकून आला होता. त्या कोणी पाहिल्या? हात वर करा. कोणी नाही! महिनाभरात त्याने ब्युनोस आयर्सची चॅलेंजर, म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीवरची स्पर्धा, जिंकली. तेव्हा कोणाचं दूध उतू गेल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या कॉलनीच्या कोर्टाचंही सांगायचं होतं, तिथे लग्नाच्या मांडवाचे खुंट ठोकतात... पण चिठ्ठी आली, पाच मिनिटं.

तर भरभर. ज्यावर क्रमवारी ठरते तो पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. बावन्न आठवड्यांनी गळून पडतो. मग तो पुन्हा कमवायचा. २०२१मध्ये नागलच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, खेळ थांबला, तो पाचशेच्याही खाली घसरला. प्रशिक्षक, फिजिओ, विमानाची तिकिटं सुरूच. २०२३मध्ये भारताचा पहिल्या क्रमांकाचा हा खेळाडू म्हणाला, खात्यात नऊशे युरो उरलेत. २०२४ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुन्हा पात्रतेच्या तीन फेऱ्या, मग एकतिसावा मानांकित बुब्लिक सरळ सेटमध्ये गारद. ग्रँडस्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा याआधीचा भारतीय १९८९चा रमेश कृष्णन, समोर स्वीडनचा विलँडर! दुसऱ्या फेरीचे मिळाले १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात.

वेळ संपली म्हणतायत. गणित राहिलंच. बाहेर चहापाशी या, कागदावर मांडून दाखवतो.