आमसुलाचं पाणी आणि बसलेला आवाज

नमस्कार श्रोतेहो.

एका संकष्टीच्या संध्याकाळी कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, याला पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावलं, पण उतरत नाही." पोटावर, मांड्यांवर लाल गांधी होत्या. पण माझे कान लागले त्याच्या आवाजाकडे. आवाज बसला होता आणि तो सारखा घसा खाकरत होता. वाटेत दोनदा उलटीही झाली होती. अर्ध्या तासापूर्वी त्याने साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, दाण्याचं कूट घातलेली. दाणे खाल्ले की त्याचे ओठ खाजतात, हे घरात माहीत होतं. पण ते नखरे आहेत असं सगळ्यांना वाटायचं.

मी त्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात खाकरणं थांबलं आणि त्याने पाणी मागितलं.

श्रोतेहो, 'पित्त' हा शब्द इथे घात करतो. पोटातल्या पित्ताशी याचा काही संबंध नाही. दाण्यातलं एखादं प्रथिन शरीराला शत्रू वाटतं आणि काही पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात. हे कातडीपुरतं राहिलं तर खाज आणि गांधी. तेच घशात, छातीत, रक्तवाहिन्यांत घडलं तर श्वास अडतो आणि रक्तदाब कोसळतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव १९०२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रिशे आणि पोर्तिए यांनी दिलं.

म्हणून गांधी दिसल्या की बाकीचं बघा. आवाज बदललाय का? जीभ जड झालीय का? छातीत घरघर, चक्कर, पोटात कळ, उलट्या? कधीकधी तर अंगावर काहीच उठत नाही. सेट्रिझिनची गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा ती उघडत नाही. ते काम ॲड्रिनलिनचं. १०८ला फोन करा, नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. चालवत मात्र नेऊ नका, उभं राहिल्यावर रक्तदाब आणखी घसरतो. बरं वाटलं म्हणून लगेच घरीही आणू नका. काही तासांनी हाच त्रास पुन्हा उसळू शकतो. त्या मुलालाही आम्ही रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं.

दाण्यांसारखंच कोळंबीने, पेनिसिलिनने, एखाद्या वेदनाशामक गोळीने होतं. गडावर मधमाशी चावली तर काटा कातडीत राहतो. तो नखाने लगेच खरवडून काढा, उशीर करू नका.

सगळ्याच ॲलर्जी अशा झपाट्याने येत नाहीत. गाजरगवताचं बघा. भारतात ते १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं. ते उपटणाऱ्याच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या हळूहळू जाड आणि काळपट होतात, खाज वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. उपटायचंच तर फुलोऱ्याआधी, हातमोजे आणि लांब बाह्या घालून.

आपल्या स्वयंपाकात कूट कुठे नसतं? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, उसळीत. ज्याला दाणे चालत नाहीत त्याच्यासाठी मिक्सरचं भांडंसुद्धा वेगळं लागतं. शाळेत आणि लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला हे स्पष्ट सांगावं लागतं, त्यात कसला संकोच? एकदा जीवघेणा त्रास झाला असेल, तर ॲड्रिनलिन जवळ ठेवायचं का आणि ते कसं द्यायचं, हे ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या.

त्या मुलाच्या घरी संकष्टीला अजूनही खिचडी होते. आता तिच्यात ओलं खोबरं असतं, आणि त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आईने लिहिलेली चिठ्ठी: 'मला दाणे चालत नाहीत.'