थिंडचा युक्तिवाद मोठ्याने वाचताना

मंडळी, वर्णद्वेषावरचं पुस्तक एकट्याने वाचणं तसं सोपं असतं. चीड येते, हळहळ वाटते आणि पुस्तक मिटताना आपण आपोआप सज्जनांच्या बाजूला जाऊन बसलेले असतो. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी वाचनगटात ही सोय ठेवलेली नाही. नियम दोनच. मजकूर मोठ्याने वाचायचा आणि बोलताना ‘हे गोरे असेच’ म्हणायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. दुसरा नियम अनेकांना जाचतो. काहींनी त्यापायी यायचंही सोडलं.

रेडलायनिंगवर वाचलं तेव्हा सगळेच जाणकार निघाले. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळेनासं झालं. ‘फार वाईट’ म्हणून झाल्यावर एक गृहस्थ म्हणाले, “घर बघताना मी एजंटला विचारलं होतं, वस्ती कशी आहे? मला काय विचारायचंय ते त्याला बरोबर कळलं.” वंश बघून गिऱ्हाइकाला या नाहीतर त्या वस्तीकडे वळवायला एजंटला १९६८च्या कायद्याने बंदी आहे. विचारणाऱ्याला मात्र नाही.

पण खरी कसोटी लागली ती भगतसिंग थिंडच्या खटल्यात. पंजाबातून आलेला हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्या काळी नागरिकत्व ‘गोऱ्यां’ना किंवा आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. १९२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. त्या काळचं वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन वंशात धरत असे, म्हणून थिंड म्हणाला, मग मी आहे की! १९२३मध्ये तेच न्यायालय म्हणालं, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणत नाही. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

इथवर सगळे थिंडच्या बाजूने होते. मग त्याच्या वकिलांचा युक्तिवाद वाचायला घेतला. त्यात म्हटलंय, थिंड उच्चवर्णीय आहे, जातीच्या बंधनांनी त्यांचं रक्त शुद्ध राखलंय आणि सोयरिकीच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने हे तिथल्या आदिवासींकडे बघतात. वाचणाऱ्या बाई तिथे अडल्या. कुणीतरी म्हणालं, “अहो, वकील असंच बोलणार, केस जिंकायची होती.” त्यावर दुसरं कुणी: “हा मुद्दा न्यायाधीशाला पटेल असं त्यांना का वाटलं?”

त्या संध्याकाळी चहा तसाच राहिला. भांडण मात्र छान झालं. रंगाचा प्रश्न आपल्याकडे नाही, हे वाक्य तेव्हापासून गटात कुणी म्हटलेलं नाही. याने माणसं बदलतात का? थोडी बदलतात आणि घरी गेल्यावर अडचणीत येतात. त्याच बाईंनी भाचीच्या बायोडेटातलं ‘गोरी’ आणि ‘अपेक्षा: स्वजातीय’ हे दोन्ही खोडलं. बहीण अजून बोलत नाही.

पुढच्या बैठकीला जोतीरावांची ‘गुलामगिरी’ आहे. १८७३चं हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय. गटातल्या बहुतेकांनी ते महाराष्ट्रात असताना वाचलेलं नाही. बहिणीलाही बोलावलंय, ती भांडायला येणार म्हणते.