पंधरा वर्षांची सही

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूयॉर्क आयलँडर्स नावाच्या संघाकडून रिक डिपिएट्रो या गृहस्थाला वर्षाला 15 लाख डॉलर मिळतात, आणि ते 2029पर्यंत मिळायचे आहेत. डिपिएट्रो त्या संघाचा गोलरक्षक. म्हणजे होता. शेवटचा सामना खेळला 2013 साली. त्यानंतर त्याने न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर खेळांबद्दल बोलायला सुरुवात केली. अगदी आमच्याच धंद्यात आला म्हणा ना, मानधनाचं सोडून. ही हॉकी अर्थातच बर्फावरची, ध्यानचंदांची नव्हे. अमेरिका आणि कॅनडात मिळून चालणारी नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, आज आपला विषय आहे. आणि त्यातही तिथले लांबच लांब करार.

डिपिएट्रोचा करार झाला सप्टेंबर 2006मध्ये. मुदत 15 वर्षं, रक्कम 6 कोटी 75 लाख डॉलर. वय 24, संघांनी नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या सन 2000च्या फेरीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला मुलगा. पहिले दोन हंगाम तो साठच्या वर सामने खेळला. मग कंबरेचं हाड, गुडघा, एकामागून एक दुखणी. एकदा तर प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी मारामारी झाली आणि एकाच ठोशात चेहऱ्याची हाडं मोडली. शेवटच्या पाच हंगामांत मिळून सामने झाले 50. अखेर 2013मध्ये संघाने करार मोडला. तिथला नियम असा की असा करार मोडताना उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, पण उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. आठ वर्षं उरली होती, म्हणून सोळा वर्षांचे हप्ते.

आता तुम्ही म्हणाल, मालक भोळे होते का? मुळीच नाही. खरी गंमत इथेच आहे.

2004-05चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. त्यातून सॅलरी कॅप आली. म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारापोटी एका संघाला ठरावीक रकमेपलीकडे जाता येणार नाही. पहिल्या वर्षी ही मर्यादा होती 3 कोटी 90 लाख डॉलर. पण एका खेळाडूचा त्यात किती वाटा धरायचा? तर त्या वर्षी हातात पडलेला पगार नव्हे, संपूर्ण कराराची वार्षिक सरासरी. झालं! गृहकर्जाची मुदत वाढवली की हप्ता खाली येतो, हे आपल्याकडे कोणालाही कळतं. तसंच ते तिथल्या व्यवस्थापकांनाही कळलं. पैसे सुरुवातीच्या वर्षांत द्यायचे, शेवटी नाममात्र पगाराची चार-पाच वर्षं चिकटवायची, सरासरी आपोआप उतरते. त्या शेवटच्या वर्षांत खेळाडू चाळिशी ओलांडलेला असेल, तो निवृत्त होईल आणि बोजा कागदावरून नाहीसा होईल, हा त्यामागचा हिशेब.

याचा कळस 2010मध्ये झाला. न्यू जर्सी डेव्हिल्स संघाने इल्या कोवालचुकशी 17 वर्षांचा करार केला, 10 कोटी 20 लाख डॉलरचा. त्यातले 9 कोटी 85 लाख पहिल्या अकरा वर्षांत. शेवटची पाच वर्षं साडेपाच लाख प्रत्येकी. करार संपताना कोवालचुक 44 वर्षांचा झाला असता! लीगने करार नाकारला, लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगची बाजू उचलून धरली, संघाला दंडही झाला. मग 15 वर्षांचा, 10 कोटींचा नवा करार झाला. आणि तीनच वर्षांनी, 2013च्या जुलैत, कोवालचुकने तिशीतच एनएचएलला रामराम ठोकला आणि तो रशियात सेंट पीटर्सबर्गला खेळायला गेला. मागे 12 वर्षं आणि 7 कोटी 70 लाख डॉलर सोडून! म्हणजे लांब करार संघाला बांधतो. खेळाडूला निवृत्तीची वाट मोकळीच असते.

अर्थात खेळाडूही अडकतो. व्हँकूव्हरचा गोलरक्षक रॉबर्टो लुओंगो याचा 12 वर्षांचा करार होता. संघाने त्याच्यापेक्षा तरुण गोलरक्षकावर भिस्त ठेवली, तरी त्याला घ्यायला कोणी पुढे येईना, कारण त्याच्यासोबत तो कागदही घ्यावा लागणार. आपला करारच आपल्याला नडतोय, हे त्याने पत्रकारांसमोर उघड बोलून दाखवलं. 2014मध्ये तो फ्लोरिडाला गेला आणि 2019मध्ये निवृत्त झाला. मग व्हँकूव्हरच्या मर्यादेतून तीन हंगाम दरवर्षी 30 लाखांहून अधिक कापले गेले. कशापायी? खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला, तर जुन्या लांब करारामुळे संघाला मर्यादेत मिळालेली सवलत वसूल करायची, असा 2013चा नवा नियम होता म्हणून. करार 2009चा, तेव्हा लीगनेच मंजूर केलेला. पळवाट बुजवणं ठीक, पण आधी परवानगी देऊन मग मागल्या तारखेने शिक्षा करणं मला तरी रास्त वाटत नाही.

सगळेच करार फसले असंही नाही. वॉशिंग्टनने 2008मध्ये अलेक्झांडर ओव्हेचकिनशी 13 वर्षांचा करार केला, 12 कोटी 40 लाखांचा. तो त्याने पुरा केला, 2018मध्ये संघाला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिलं. सही करताना तो होता 22 वर्षांचा. डिपिएट्रो 24चा. वयाचा फरक फारसा नव्हता. कोणाची कंबर टिकेल, हे सहीच्या दिवशी कोण सांगणार?

सगळ्यात महागात पडला तो मिनेसोटाचा सौदा. 4 जुलै 2012. झॅक परिसे आणि रायन सूटर, दोघेही 27 वर्षांचे. दोघांनाही 13 वर्षं, दोघांनाही 9 कोटी 80 लाख. आणि त्याच जुलैत लीगच्या मालकांनी खेळाडूंच्या संघटनेपुढे प्रस्ताव ठेवला, की करार पाच वर्षांपेक्षा लांब नसावेत! आपल्याच हातांना आवर घालायला नियम मागायचा, आणि तो येईपर्यंत लुटून घ्यायचं. मालकांनी खेळाडूंविरुद्ध पुकारलेल्या टाळेबंदीनंतर, 2013 साली, तडजोड झाली: आपल्याच खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं, बाहेरच्याला सात.

2021मध्ये मिनेसोटाचे व्यवस्थापक बिल गेरिन यांनी दोघांचेही करार एकाच दिवशी मोडले. लक्षात घ्या, ते करार गेरिन यांनी केलेले नव्हते. सही एकाने करायची, निस्तरायचं दुसऱ्याने, ही या धंद्याची रीतच आहे. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत मिनेसोटाच्या मर्यादेतले 1 कोटी 47 लाख डॉलर संघात नसलेल्या या दोन खेळाडूंच्या नावे गेले. जवळजवळ सहावा हिस्सा. तेवढ्यात दोन उत्तम खेळाडू आले असते. आपल्या आयपीएलमध्ये दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि संघ मोडून पुन्हा उभे राहतात. चाहत्यांना ते जिवावर येतं, पण तिथे निदान चूक दहा-बारा वर्षं पुरत नाही.

2025च्या उन्हाळ्यात एनएचएलमध्ये पुन्हा नवा करारनामा मंजूर झाला. सप्टेंबर 2026पासून मुदत आणखी एकेक वर्षाने कमी: आपल्या खेळाडूला सात, बाहेरच्याला सहा. आणि मिनेसोटा? परिसे-सूटरचा मोठा बोजा उतरल्यानंतरच्या पहिल्याच सप्टेंबरात त्यांनी किरील काप्रिझोव्हशी नवा करार केला. वय 28, रक्कम 13 कोटी 60 लाख डॉलर, एनएचएलच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी. मुदत, जुन्या नियमाने मिळते तेवढी, पुरी आठ वर्षं.

नमस्कार.