सोलर हीटरला ७८ हजार मिळत नाहीत!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तेच. "दादा, सोलर हीटर बसवलाय, सबसिडीचे ७८ हजार कधी जमा होणार?" एकाने तर दम भरलाय, "लिंक द्या, नाहीतर अनसबस्क्राइब." अहो देतो की, पण कशाची देऊ?

दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं आणि ऊन फुकट असतं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे.

पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४ची. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६०, तीन किंवा जास्तला ७८. हे पैसे वीज तयार करणाऱ्या पॅनेलचे. पाणी तापवणाऱ्या नळ्यांचे नाहीत. पटत नाही? गच्चीवर जा. खाली वायर येतेय की पाइप? पाइप असेल तर विषय संपला. गच्चीवर जायचा कंटाळा? मग मीटर बघा. या योजनेत वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक लागतो, नेट मीटर बसतं, म्हणजे तुम्ही घेतलेली आणि महावितरणला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं. तुमची गरम पाण्याची टाकी महावितरणला काय विकणार, बादल्या?

हसू नका. माझ्या मावशीला एका दुकानदाराने "सबसिडी खात्यात येईल" म्हणून हीटर गळ्यात मारला. चार महिने दर सोमवारी बिचारी पासबुक भरून आणायची. पाणी मात्र झकास तापतं, चटका बसतो. हीटरला केंद्राचं अनुदान होतं हो, पण ते २०१४मध्येच बंद झालं.

मग मिळतं काय? जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ झालाय, बिलावर बघून घ्या. आणि पुण्यात मिळकतकरात सवलत आहे. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं, यातलं एक असेल तर ५ टक्के, जास्त असतील तर १०. फक्त सामान्य करात हं, अख्ख्या बिलात नाही!

आणि सवलतीसाठी यंत्रणा चालू असावी लागते. आमच्या सोसायटीत निम्म्या नळ्या फुटलेल्या, स्टँडखाली कबुतराचं घरटं. तपासणी झाली, सवलत गेली. अध्यक्ष म्हणतात, "पण बसवलंय तर खरं!" आता नळ्यांसाठी वर्गणी काढतोय. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात, ते कसे काढायचे ते पुढच्या वेळी.

लिंक खाली देतोय. पॅनेलच्या योजनेची. हीटरची नाही!